वंशाचा दाखला जनुकांकडे मागू नये

अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्यापासून समाज वाढला, अशी कोकणातल्या बेने इस्रायलांची पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी ते बंद ठेवणारे हे मराठीभाषक ज्यू ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले जात.

या श्रद्धेची जनुकीय पडताळणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झाली. त्यात १८ बेने इस्रायलींच्या जनुकांची इतर ज्यू, भारतीय व पाकिस्तानी समूहांशी तुलना केली गेली. पश्चिम आशियातील ज्यूंचा आणि भारतीयांचा, असे दोन्ही वारसे त्यांच्यात आढळले. बाहेरून आलेला वाटा मुख्यतः पुरुषांकडून, तर स्थानिक वाटा स्त्रियांकडून आला होता. हा संकर साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचा असावा, असा अंदाज निघाला.

यावर ‘श्रद्धा खरी ठरली’ असे म्हणणे जितके घाईचे, तितकेच ‘हे तर मिश्र निघाले’ असे म्हणणेही. संकराचा काळ म्हणजे आगमनाचा काळ नव्हे. शिवाय प्रत्येक माणसाला दोन पालक, चार आजी-आजोबा. असे मागे जात २० पिढ्या मोजल्या तर वंशवृक्षात दहा लाखांहून अधिक जागा भरतात. वाय गुणसूत्र त्यांतल्या एकाच, बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या रेषेची माहिती देते. शुद्ध वंश नावाची गोष्ट जगात कुठेच सापडत नाही.

दक्षिण आफ्रिका व झिम्बाब्वेमधील लेम्बा समाजही स्वतःला प्राचीन इस्रायलींचे वंशज मानतो. ज्यू पुरोहित घराण्यांत आढळणारा वाय गुणसूत्राचा एक प्रकार त्यांच्या एका कुळात मोठ्या प्रमाणात दिसल्याचे २००० मध्ये जाहीर झाले आणि दाव्याला पुरावा मिळाला, असे मानले गेले. पुढे अधिक बारीक तपासणीत पश्चिम आशियाई मूळ कायम राहिले. ते खास ज्यूच होते, हे मात्र सिद्ध होईना. विज्ञानात अशी दुरुस्ती व्हायचीच. पण तोवर त्या निष्कर्षावर कोणाची धार्मिक ओळख टांगली गेली असेल, तर त्या माणसांनी काय करायचे?

हा प्रश्न काल्पनिक नाही. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीस इस्रायलमध्ये स्थायिक झालेल्या बेने इस्रायलींच्या विवाहांच्या वेळी वंशाची चौकशी होऊ लागली. समाजाने निदर्शने केली आणि १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने ते इतरांइतकेच ज्यू असल्याचे स्पष्ट केले. तेव्हा डीएनए चाचणी नव्हती. असती, तर अपमानाला फक्त वैज्ञानिक मुलामा मिळाला असता.

जनुकीय चाचणीचा खरा उपयोग आरोग्यासाठी आहे. आपसातच विवाह करणाऱ्या लहान समाजांत काही आनुवंशिक आजारांचे प्रमाण वाढते. पूर्व युरोपीय वंशाच्या ज्यूंमध्ये टे-सॅक्स या जीवघेण्या आजाराच्या वाहकांची तपासणी १९७०च्या दशकापासून सुरू झाली आणि या आजाराची बाळे जन्मण्याचे प्रमाण कमालीचे घटले. असे काम अल्पसंख्य समाजांसाठी, त्यांच्या संमतीने आणि माहितीची गोपनीयता राखून जरूर व्हावे.

आजाराचा धोका रक्तात शोधता येतो. प्रार्थना, सण आणि शनिवारची विश्रांती शतकानुशतके जपणारा माणूस कोणाचा, हे ठरवण्याचा अधिकार मात्र परीक्षानळीला देऊ नये.