अपेक्षेचा उच्चार

नवा अधिकारी रुजू झाला की पहिल्याच आठवड्यात एक परिपत्रक निघते. वक्तशीरपणा, सचोटी, जनतेशी सौजन्य अशा अपेक्षांची त्यात यादी असते. कर्मचारी त्यावर निमूटपणे सह्या करतात आणि मग साहेब स्वत: किती वाजता येतात, चूक झाली की कोणाला पुढे करतात, हे पाहत राहतात. महिनाभरात खरे परिपत्रक त्यांना तोंडपाठ झालेले असते! आपली मूल्ये सहकाऱ्यांना कशी सांगावीत, हा विषय आता व्यवस्थापनशास्त्रात शिकविला जातो. वरोऱ्यात तो पाऊणशे वर्षांपूर्वीच उभा राहिला होता, आणि तोही मैल्याच्या पाटीपाशी.

मुरलीधर देवीदास आमटे हे त्या वेळी वकिली करणारे, जमीनदार घराण्यातले गृहस्थ आणि वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष. सफाई कामगारांच्या संघटनेचे नेतृत्वही त्यांच्याकडे होते. या कामगारांचे दु:ख व्यासपीठावरून मांडणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी पाटी स्वत:च्या डोक्यावर घेतली. याच दिवसांत गटाराकाठी पडलेला तुळशीराम हा कुष्ठरुग्ण त्यांना दिसला आणि भीतीने त्यांची पावले मागे फिरली. पुढे त्यांनी परत येऊन त्याची शुश्रूषा केली, हे सर्वश्रुत आहे. परंतु आपण प्रथम पळालो होतो, हे बाबा आमटे यांनी आयुष्यभर लपविले नाही, ही गोष्ट अधिक मोलाची मानली पाहिजे. जो पुढारी स्वत:ची भीती सहकाऱ्यांसमोर कबूल करतो, त्याने धैर्याची अपेक्षा केली तर ती जाचक वाटत नाही.

महारोगी सेवा समिती १९४९ मध्ये स्थापन झाली आणि १९५१ मध्ये आनंदवन उभे राहू लागले. सहा रुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि हाताशी चौदा रुपये, एवढ्या भांडवलाची हकीगत महाराष्ट्राला ठाऊक आहे. खडकाळ, झुडपांनी भरलेल्या त्या जमिनीवर साधनाताई आणि दोन लहान मुलेही राहावयास गेली. रुग्णांच्या शेजारी निर्धास्त राहता येते, हे सांगण्यासाठी मग वेगळ्या फलकाची आवश्यकता उरली नाही.

आनंदवनाची मुख्य अपेक्षा मात्र विलक्षण होती. ज्यांच्याकडून समाजाने भीक मागण्यापलीकडे कशाचीच अपेक्षा ठेवली नव्हती, त्यांच्याकडून येथे कामाची अपेक्षा ठेवली गेली. दया नको, संधी हवी, हे सूत्र. बोटे झडलेल्या माणसाला विहीर खणावयास लावणे हे क्रौर्य नव्हे काय, असा आक्षेप कोणी घेईल. केवळ हुकूम सोडला असता तर ते क्रौर्यच ठरले असते. परंतु येथे उपचार होता, कौशल्याचे शिक्षण होते आणि सांगणारा स्वत: कुदळ घेऊन उतरला होता. साधने न देता केलेली अपेक्षा आणि साधनांसह केलेली अपेक्षा यांत हाच भेद आहे. आजची अनेक कार्यालये नेमका तोच विसरतात.

आनंदवनात पिकलेला भाजीपाला विकत घेण्यास वरोऱ्याचे लोक आरंभी कचरत. पुढे ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’चे परदेशी स्वयंसेवक येऊन रुग्णांबरोबर राबले, जेवले, तेव्हा गावाची भीड चेपू लागली. १९६४ मध्ये तर आनंदवनाच्या भूमीवर महाविद्यालयच सुरू झाले. ज्यांना वेशीबाहेर ठेवले होते त्यांच्या श्रमातून उभ्या राहिलेल्या वर्गांत गावातील निरोगी मुले शिकू लागली.

येथवर आचरण बोलत होते. हेमलकशाच्या बाबतीत मात्र शब्दही स्पष्ट उच्चारले गेले. भामरागडच्या अरण्यातील माडिया गोंडांसाठी काम व्हावे, ही इच्छा बाबांनी मुलांना बरोबर नेऊन, तो प्रदेश दाखवून सांगितली. तरुण डॉक्टर प्रकाश आमटे यांनी ती स्वीकारली. आणि आपले आयुष्य त्या अरण्यात जाणार आहे, हे त्यांनी डॉक्टर मंदाकिनी यांना विवाहापूर्वीच सांगितले. २३ डिसेंबर १९७३ रोजी लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला. वीज नाही, रस्ता नाही, पावसाळ्यात जगाशी संपर्क नाही. यांतले काहीही त्या दोघांपासून दडविलेले नव्हते. माणसाला आधी गोड बोलून रुजू करून घ्यावयाचे आणि मग अडचणी एकेक करून उलगडावयाच्या, हा रिवाज किती सार्वत्रिक आहे हे पाहिले म्हणजे या स्पष्टपणाचे मोल कळते. २००८ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बाबांना तो १९८५ मध्ये मिळाला होता.

अर्थात या कथेची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १९९० मध्ये बाबा नर्मदाकाठी कसरावदला राहावयास गेले आणि दशकभर आनंदवनाचे काम त्यांच्यावाचून चालले. परंतु ते हयात होते. शंका आली तर विचारण्यासारखा माणूस होता. ९ फेब्रुवारी २००८ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यानंतर बारा वर्षांनी, २०२० मध्ये, संस्थेच्या कारभाराविषयीचे मतभेद वृत्तपत्रांतून उघडपणे चर्चिले गेले. त्यांत कोण बरोबर, कोण चूक, याचा निवाडा दुरून करणे अनुचित होय. मात्र एका माणसाच्या वागण्यात जे नियम सर्वांना रोज डोळ्यांसमोर दिसत होते, ते त्याच्यामागे कोणत्या कागदावर, कोणाच्या सहीने, कोणत्या सभेत पुन्हा ठरावयाचे, हा प्रश्न वरोऱ्याबाहेरच्याही कित्येक संस्थांच्या विश्वस्तांपुढे उभा आहे, आणि बहुतेकांनी तो संस्थापक हयात असताना कार्यक्रमपत्रिकेवर घेतलेला नाही.