गोदेचा दोषी कोण?

१९९१ साली नाशिक शहराची लोकसंख्या सुमारे साडेसहा लाख होती. २०११ च्या जनगणनेत ती १५ लाखांच्या घरात गेली. गोदावरी का नासली, असे विचारले की ‘बाहेरून आलेल्या लोंढ्यांमुळे’ हे उत्तर आपल्या ओठांवर तयार असते. पण हे लोक येतात कुठून? पुष्कळसे पेठ-सुरगाण्यातून. तिथे पावसाळ्यात मुसळधार आणि उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट. भाताची कापणी आटोपली की कुटुंबेच्या कुटुंबे द्राक्षबागांत आणि बांधकामांवर मजुरीला उतरतात. त्यांनी उभारलेल्या इमारतींचे सांडपाणी नदीची वाट धरते; त्यांच्या स्वतःच्या पालाला मात्र अनेकदा नळही नसतो. ज्याला पाणीच पुरेसे मिळत नाही, तो नदी किती नासवणार?

आपली समीक्षाही ‘ग्रामीण’ आणि ‘महानगरी’ असे कप्पे करून मोकळी झाली. नाशिकच्याच बाबुराव बागुलांनी १९६३ साली ‘जेव्हा मी जात चोरली होती!’मधून तळातला माणूस साहित्यात आणला. गाव आणि शहर यांच्यामध्ये दरवर्षी येरझारा घालणारा हा मजूर मात्र अजून दोन्ही कप्प्यांबाहेरच आहे. गोदेवर लिहिण्यापूर्वी आपण त्याला वाचायला शिकले पाहिजे.