जाळ भिंतीबाहेर हवा

गॅसवर पाणी तापविणारा गिझर आता आपल्याकडे नवलाईची वस्तू राहिलेला नाही. वीज गेली तरी तो चालतो, नळ सोडताच ऊन पाणी देतो, आणि त्यासाठी ना लाकडे फोडावी लागतात ना पहाटे उठून भाणाखाली जाळ करावा लागतो. अशा उपयोगी वस्तूविषयी या स्तंभातून तक्रार करण्याचे आम्हांस एरव्ही काही कारण नव्हते. परंतु ही वस्तू पुष्कळ घरांत, आणि भाड्याच्या खोल्यांत विशेषेकरून, न्हाणीघराच्या आतल्या भिंतीवर, स्नान करणाऱ्याच्या डोक्याशी टांगलेली असते. तिचा जाळ तेथेच जळतो आणि त्या जाळातून निघणारे वायूही तेथेच सुटतात. हा प्रकार जिवावर बेतणारा आहे, हे स्पष्ट शब्दांत सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

मार्च २०२३ मध्ये होळीचा रंग धुण्यासाठी न्हाणीघरात गेलेली दोन जोडपी, एक मुंबईत व दुसरे गाझियाबादकडे, मृतावस्थेत सापडली. दोन्ही ठिकाणी संशयाचे बोट गॅस गिझरकडेच वळले. चार दिवस चर्चा झाली आणि विषय मागे पडला. अशा घटना ‘गूढ मृत्यू’ या मथळ्याखाली छापण्याची वृत्तपत्रांना खोड आहे. वास्तविक त्यांत गूढ असे फारसे काही नसते. शाळेतल्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात मावेल एवढीच ती हकीकत असते.

घरगुती सिलिंडरात प्रोपेन आणि ब्युटेन या दोन वायूंचे मिश्रण असते. असा एक किलो गॅस नीट जळण्यास १२ ते १३ घनमीटर हवा लागते. मिनिटाला सहा लिटर पाणी तापविणारा गिझर पुऱ्या जाळावर तासाला किलोभराच्या आसपास गॅस खातो. म्हणजे पाव तासाला सुमारे तीन घनमीटर हवा त्याला पाहिजे. आता पाच फूट रुंद, सहा फूट लांब आणि आठ फूट उंच अशी न्हाणी मोजून पाहावी. ती पुरती सात घनमीटरही भरत नाही. दार लावलेले, झरोक्याच्या काचा डासांसाठी व आडोशासाठी बंद. अशा खोलीत स्नान आटोपेपर्यंत निम्म्या हवेवर जाळाने हात मारलेला असतो, आणि ज्या हवेवर जाळ जगतो त्याच हवेवर आतला माणूसही जगतो.

प्राणवायू तोकडा पडू लागला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. याला रंग नाही, वास नाही. सिलिंडर गळला तर नाकाला तत्काळ कळते, कारण गॅसमध्ये मुद्दाम दुर्गंधी द्रव्य मिसळलेले असते. परंतु जळताना ते द्रव्यही जळून जाते. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीने या वायूला धरून ठेवते. माणूस श्वास घेत राहतो, आणि घेतलेल्या श्वासाचा त्याला उपयोग होत नाही.

आमच्या जुन्या न्हाण्यांत काय धूर नव्हता? होता, डोळ्यांना पाणी आणण्याइतका होता. सोडणे, करवंट्या, वाळल्या झावळ्या जाळून भाण तापत असे, आणि त्या धुरातही हाच वायू असे. परंतु वर नळ्यांचे फटीफटींचे छप्पर होते, भिंतीला गवाक्ष होते, दार परसात उघडत होते. शिवाय तो धूर आपली वर्दी देऊन येई. खोकला सुटला की माणूस आपोआप बाहेर पळे. छपराच्या जागी स्लॅब आला आणि डोळे चुरचुरविणाऱ्या धुराच्या जागी न दिसणारा धूर आला. हे दोन्ही बदल एकाच पिढीत झाले, आणि त्यांची गाठ न्हाणीत पडली.

घरमालकांस विचारावे तर उत्तर तयार असते: न्हाणी एवढीशी, तिथे गिझर ठेवायला दुसरी जागा कोठून आणावी? ही जागेची सबब तपासून पाहण्याजोगी आहे. कारण आमच्या न्हाणीसारख्याच चिमुकल्या जागेत संसार मांडून, तेथेच गॅसवर पाणी तापविणारे लोक जगात आहेत.

अमेरिकेत मोटारीमागे जोडून नेण्याची एक घडीची गाडी मिळते. तिला तेथे पॉप-अप कॅम्पर म्हणतात. रस्त्यावर ती एखाद्या बुटक्या पेटाऱ्यासारखी दिसते. मुक्कामावर पोहोचले की छप्पर वर उचलायचे, दोन्ही अंगांचे बिछाने बाहेर ओढायचे, म्हणजे कनातीच्या कापडाच्या भिंती उभ्या राहतात. तंबू आणि खोली यांच्या मधली ही वस्तू. काही गाड्यांत सहा गॅलनांची, म्हणजे सुमारे तेवीस लिटरांची पाणी तापविण्याची टाकी असते, आणि पुढच्या दांड्यावर प्रोपेनचा सिलिंडर. (प्रोपेनच का, तर उणे ४२ अंशांपर्यंत त्याची वाफ होत राहते, ब्युटेन मात्र पाणी गोठण्याच्या सुमारासच सिलिंडरात द्रव होऊन पडून राहतो, आणि तिकडच्या थंडीत जाळ पेटायचा नाही.)

या टाकीचा जाळ कोठे जळतो, हे पाहण्यासारखे आहे. टाकी गाडीत असली तरी तिची भट्टी गाडीबाहेर उघडते. बाहेरच्या पत्र्याला एक जाळीदार झडप असते. तिच्यातून जाळाला बाहेरची हवा मिळते आणि तिच्यातूनच जळका वायू बाहेर जातो. आत झोपलेल्यांच्या श्वासाचा आणि जाळाच्या श्वासाचा संबंधच येऊ नये, अशी ही रचना आहे. वापरण्याचा क्रमही ठरलेला आहे. आधी टाकी भरायची. भरताना ऊन पाण्याचा नळ उघडा ठेवायचा. आतली हवा फुरफुरत निघून गेली आणि पाण्याची सलग धार लागली म्हणजे टाकी भरली असे समजायचे. मग गॅस सोडायचा, आणि सर्वांत शेवटी पेटवायचे. कोरड्या टाकीखाली जाळ केला तर टाकी वाया जाते. झडपेसमोर कनात किंवा वाळत घातलेले कपडे येऊ द्यायचे नाहीत. मोसमाच्या आरंभी भट्टीची नळी साफ करायची, कारण कोळ्यांना व कुंभारमाशांना घरट्यासाठी ती फार आवडते, आणि नळी तुंबली की निळा जाळ पिवळा पडतो. मुक्काम हलविताना जाळ विझवून सिलिंडर बंद करायचा. एवढे करूनही गाडीच्या आत, कार्बन मोनॉक्साइडची चाहूल लागताच कर्कश वाजणारे यंत्र बसविलेले असते.

अमेरिकन माणूस आमच्याहून शहाणा आहे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. तंबूत शेगडी नेऊन जीव गमावणारे तिकडेही निघतात. गाडी बनविणाऱ्यानेच जाळाची जागा बाहेर ठरवून टाकली आहे, आणि त्यामुळे वापरणाऱ्याच्या विसराळूपणाला तेथे वाव उरलेला नाही, एवढाच काय तो फरक. सुटीतल्या चार रात्रींच्या कापडी खोलीसाठी जो विचार झाला, तो लाखो रुपये मोजून घेतलेल्या सदनिकेसाठी कोणी केला नाही. आमचा नळजोडणीवाला येतो, न्हाणीत दोन खिळे ठोकतो, नळी लावतो, नळ सोडून जाळ पेटल्याचे दाखवितो आणि मजुरी घेऊन जातो. भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १५५५८ हे मानक या यंत्रांसाठी आहे खरे. परंतु मानक यंत्राची पारख करते. ते यंत्र कोणत्या भिंतीवर टांगले, हे पाहायला कोणी येत नाही.

नरकचतुर्दशीच्या पहाटेचा विचार करावा. पूर्वी त्यासाठी भाण आदल्या दिवशी घासून, फुलांनी सजवून ठेवीत. आता तेल-उटणे लावून घरातली पाच-सहा माणसे एकामागून एक गिझरखाली जातात. पहिल्याला ताजी हवा मिळते. दार क्षणभर उघडून पुन्हा लागते; दुसऱ्याला उरलेली मिळते; आणि चौथा, बहुधा घरातली गृहिणी, कारण ती सर्वांच्या शेवटी न्हाते, त्या खोलीत जाते तेव्हा तेथे काय उरलेले असते? वीस मिनिटांनी आपोआप विझण्याची सोय काही यंत्रांत असते. पण ती सोय मिनिटे मोजते, हवा मोजत नाही.

विषबाधेची लक्षणे फसवी असतात. डोके दुखते, मळमळते, अंधारी येते, पाय लुळे पडतात. आणि कडी हातभर अंतरावर असूनही हात तेथवर पोहोचत नाही. काहींना झटके येतात. गरम पाणी डोक्यावर घेतल्याने येणारी फेफरे हा दक्षिण भारतात, विशेषतः कर्नाटकात, पुष्कळ अभ्यासलेला विकार आहे. त्यामुळे गॅसने बेशुद्ध झालेला रुग्णही फेफऱ्याचा समजला जाण्याचा संभव असतो, आणि तशी उदाहरणे आपल्याकडच्या वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. बोटाला लावायचे प्राणवायू मोजण्याचे छोटे यंत्र येथे दगा देते. त्याला कार्बन मोनॉक्साइडने भरलेले रक्तही निरोगी भासते. म्हणून असा प्रसंग आल्यास दार फोडून माणसाला आधी उघड्या हवेत आणावे, गॅस बंद करावा, आणि इस्पितळात नेल्यावर ‘न्हाणीत गॅसचा गिझर होता’ हे वाक्य डॉक्टरांना न विचारता सांगावे. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायू दिला तर तास-दीड तासात तेच काम होते.

गॅस गिझरवर बंदी घाला, असे आमचे म्हणणे नाही. विजेचा गिझर आणि त्याचे बिल सर्वांनाच परवडते असे नाही. सौर तावदाने चौथ्या मजल्यावरच्या भाडेकरूने बसवावीत कोठे? आमची मागणी एका भिंतीपुरती आहे. यंत्र बाहेर, नळ आत. त्याला लागते भिंतीला एक भोक आणि दोन-तीन हात जास्तीची नळी. बाहेर म्हणजे खरोखर उघड्यावर. काचा लावून बंद केलेली बाल्कनी म्हणजे दुसरी न्हाणीच होय. इमारतींच्या मधल्या अरुंद पोकळीत सोडणेही चालणार नाही, तिथे शेजाऱ्याच्या न्हाणीचा झरोका उघडतो. किनाऱ्यावरच्या खाऱ्या वाऱ्याने जाळाचे तोंड गंजते आणि पावसाळी वाऱ्याने जाळ विझतो, ही अडचण खरी आहे. वरखाली मोकळ्या अशा पत्र्याच्या आडोशाने ती बरीचशी दूर होते. जेथे उद्या सकाळीच हे जमणार नाही, तेथे निदान बादल्या आधी भराव्यात, गिझर बंद करावा, दार काही वेळ उघडे ठेवावे, आणि मग स्नानाला आत जावे.

परंतु हा प्रश्न घरोघरच्या सावधपणावर सोपवून सरकारला मोकळे होता येणार नाही. गॅस वितरकाचा माणूस ठरावीक मुदतीने येऊन शेगडी आणि नळी तपासतो. त्याच्या तपासणीच्या कागदावर न्हाणीघराचा एक रकाना वाढवावा. नव्या इमारतीस राहण्याचा दाखला देताना नगरपालिका व पंचायती संडासाची टाकी पाहतात, तशी न्हाणीच्या बाहेर गिझरची जागा राखलेली आहे की नाही हेही पाहावे. पर्यटकांना खोल्या देणाऱ्यांच्या नोंदणीसाठी आपल्याकडे १९८२ सालीच कायदा झाला. डिसेंबरच्या गारठ्यात परप्रांतीय पाहुणा अनोळखी न्हाणीत जातो, झरोका लावून घेतो आणि नळ सोडतो. त्या न्हाणीतले यंत्र कसे चालते हे त्याला कोणी सांगितलेले नसते. पर्यटन खात्याने नोंदणीच्या पुढील नूतनीकरणापासून, जेथे गॅसचा जाळ न्हाणीच्या आत आहे अशा खोल्यांचा परवाना तो जाळ बाहेर हलवीपर्यंत रोखून धरावा. त्यासाठी नवा कायदा नको, नवी समितीही नको. खात्याच्या निरीक्षकाने न्हाणीचे दार उघडून आत डोकावले तरी पुरे.