आधी गाठ शोधा, मग गल्ला उघडा

लग्नाचे व्हिडिओ शूटिंग करून घरीच एडिटिंग करणे हा आता तालुक्याच्या गावांत एक रीतसर व्यवसाय झाला आहे. आमच्या राळेगावासारख्या कापसाच्या गावातही तरुण मुले हे हुनर शिकून घराला हातभार लावतात, ही समाधानाची गोष्ट आहे. काळजीची गोष्ट अशी की, काम जरा अडखळले की या मुलांना चहूकडून एकच सल्ला मिळतो : जुना कॉम्प्युटर काढा, नवा घ्या, हप्ते पाडून देतो. लग्नसराई काही महिन्यांची आणि हप्ता बाराही महिन्यांचा, हा हिशोब मात्र कोणी मांडून दाखवीत नाही.

आम्ही कापडाचे व्यापारी आहोत, कॉम्प्युटरचे इंजिनिअर नव्हे. परंतु अपुऱ्या भांडवलात कोणती वस्तू आधी घ्यावी व कोणती मागे ठेवावी, हा प्रश्न मुळात व्यापाराचाच आहे. आमचे स्पष्ट मत असे की, हाय डेफिनिशन व्हिडिओच्या कामासाठी पैसा घालण्यापूर्वी काम नेमके कुठे अडते ते शोधावे व तेवढीच वस्तू बदलावी. सुताला एके ठिकाणी गाठ पडली म्हणून कोणी सबंध माग विकीत नाही.

थोड्या साधनांत काम होते याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. राळेगावच्या शिवारात कापूस पिकतो, तर मालेगावात यंत्रमागावर कापड विणले जाते. त्या मालेगावात व्हिडिओ पार्लर चालविणारे नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' हा चित्रपट काढला. साधा व्हिडिओ कॅमेरा, गावचेच कलाकार आणि व्हीसीआरवर जोडाजोड करून कमावलेले एडिटिंगचे ज्ञान, एवढ्या पुंजीवर हे काम उभे राहिले. पुढे फैजा अहमद खान यांनी याच मंडळींवर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला आणि २०२५ साली रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा चित्रपट प्रदर्शित झाला. मालेगावच्या त्या मंडळींजवळ भारी यंत्रे नव्हती, पण जे होते त्याची ताकद आणि मर्यादा त्यांना पुरती ठाऊक होती. आज व्हीसीआर गेला असला तरी हा धडा जुना झालेला नाही.

ओझे कशाचे आहे?

जुन्या डिजिटल व्हिडिओची एक फ्रेम ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४ लाख १४ हजार ७२० ठिपक्यांची असे. फुल एचडीची फ्रेम १९२० गुणिले १०८० म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपक्यांची, बरोबर पाचपट. फोर-के म्हटले की त्याच्याही चौपट. एवढा माल कार्डात मावावा म्हणून कॅमेरा तो दाबून भरतो. बहुतेक कॅमेरे आणि मोबाईल त्यासाठी एच.२६४ किंवा एच.२६५ ही पद्धत वापरतात.

या पद्धतीत प्रत्येक फ्रेम पूर्ण लिहिलेली नसते. अधूनमधून एक फ्रेम पूर्ण असते आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदलले तेवढे असते. रोकडवहीत पहिल्या तारखेची शिल्लक लिहिली आणि पुढे नुसता जमा-खर्च लिहीत गेले, तर सतरा तारखेची शिल्लक सांगण्यासाठी मागून बेरीज करीत यावे लागते. एडिटिंग करताना कॉम्प्युटर दर क्षणी हीच बेरीज करीत असतो. चित्र अडखळते ते बहुतेक वेळा या बेरजेपायी.

आता गंमत पाहा. चित्र अडखळले की पुष्कळ जण पहिल्यांदा महागडी, वेगवान डिस्क आणतात. पण ५० मेगाबिटने केलेले चित्रीकरण सेकंदाला जेमतेम सव्वासहा एमबी एवढाच माल मागते. साधी हार्ड डिस्कदेखील सेकंदाला शंभर एमबीच्या वर देऊ शकते. अडचण बेरजेची असताना गोदामाचा दरवाजा रुंद करून काय उपयोग?

फुकटाचे उपाय आधी

पैसा काढण्याआधी दोन उपाय करावेत. पहिला उपाय प्रॉक्सीचा. मूळ चित्रीकरणाची हलकी प्रत करून तिच्यावर काटछाट करावी. शेवटी सॉफ्टवेअर आपोआप मूळ प्रत जोडते. दाविंची रिझॉल्व्ह, प्रीमियर प्रो, केडेनलाईव्ह, शॉटकट या सर्वांत ही सोय आहे. त्यांपैकी केडेनलाईव्ह आणि शॉटकट पूर्ण मोफत आहेत आणि रिझॉल्व्हची मोफत आवृत्तीही मिळते. प्रॉक्सी तयार होण्यास वेळ लागतो हे खरे, पण ते काम रात्री लावून ठेवता येते. शेवटचे रेंडरिंगही रात्रपाळीलाच टाकावे. कॉम्प्युटर रात्री चालला तर मजुरी मागत नाही.

दुसरा उपाय साफसफाईचा. जिनिंगच्या हंगामात आपल्याकडे रुईचे तंतू हवेत उडतात व पंख्यात जाऊन बसतात. त्यात विदर्भाचा उन्हाळा. प्रोसेसर फार तापला की स्वतःच आपला वेग कमी करतो, आणि मालक समजतो की यंत्र जुने झाले. कॉम्प्युटर बंद करून पंखे व जाळ्या स्वच्छ कराव्यात.

विकत घ्यायचे तर क्रम कोणता?

एवढे करूनही काम अडत असेल, तर एडिटिंग चालू असताना विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून ठेवावा. प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि ग्राफिक्स यांपैकी कोणता आकडा शंभराला टेकतो ते पाहावे.

मेमरी भरत असेल तर रॅम वाढवावी. एचडीच्या कामाला १६ जीबी हा रास्त पाया आहे. फोर-के आणि भारी इफेक्ट असतील तर ३२ जीबी. एका मोठ्या पट्टीपेक्षा सारख्या दोन पट्ट्या घालणे सहसा चांगले. डीडीआर-३, डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या पट्ट्या एकमेकांच्या खाचेत बसत नाहीत, सबब जुनी पट्टी दाखवूनच नवी घ्यावी. रॅमच्या भावावर नजर ठेवावी. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मागणी वाढविल्याने हे भाव जगभर झपाट्याने चढले.

विंडोज अजूनही जुन्या हार्ड डिस्कवर असेल तर एसएसडी बसवावी. अडखळण्याचा सारा आजार तिने जाणार नाही, परंतु सॉफ्टवेअर उघडणे आणि दोन-तीन कॅमेऱ्यांचे चित्रीकरण एकदम चालविणे यांत मोठा फरक पडतो. शिवाय सध्याची एसएसडी पुढे नव्या कॉम्प्युटरलाही लावता येते, म्हणजे पैसा बुडत नाही.

प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांचा नंबर शेवटचा. कार्ड घेताना वीजपुरवठ्याचा डबा त्याला पुरेल का, हे आधी विचारावे. प्रोसेसर नवा घेताना एक बारकावा ध्यानात ठेवावा. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असतो त्यात अंगचे ग्राफिक्स नसते, आणि दाबलेला व्हिडिओ उलगडणारी क्विक सिंक ही सोयही नसते. थोडे स्वस्त म्हणून तो घ्यावा आणि मग कार्डासाठी धावावे, हा सौदा पुष्कळदा महाग पडतो.

पूर्ण कॉम्प्युटर कधी बदलावा? विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुन्या, डीडीआर-३ च्या यंत्रात आता रॅम आणि कार्डासाठी पैसा घालणे म्हणजे विटलेल्या थानाला नवी किनार लावणे होय. तिथे नवे यंत्रच योग्य. मात्र 'पुढे उपयोगी पडेल' म्हणून आज गरजेच्या दुप्पट यंत्र घेऊ नये. पडून राहिलेल्या मालाचा भाव उतरतो हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

अमानत सांभाळा

ज्या खर्चाविषयी फारसे कोणी बोलत नाही, तो आमच्या मते सर्वांत आधीचा आहे. समजा, दोन कॅमेऱ्यांनी एका लग्नाचे मिळून बारा तासांचे चित्रीकरण झाले. ५० मेगाबिटच्या हिशोबाने ते २७० जीबी होते. चार टीबीच्या एका डिस्कवर अशी सुमारे चौदा लग्ने मावतात. म्हणून डिस्क दोन घ्याव्यात, दोन्हींवर तेच ठेवावे, आणि एक दुसऱ्या घरी किंवा दुकानात ठेवावी. कार्ड पुसण्यापूर्वी दोन्ही प्रती उघडून पाहाव्यात. सोबत एक यूपीएस असावा, म्हणजे वीज गेल्यास काम जतन करण्यास अवधी मिळतो. कापड खराब निघाले तर आम्ही बदलून देतो. मुलीच्या पाठवणीचे चित्रीकरण हरवले तर ते कोणत्या दुकानातून बदलून आणणार? रेंडरिंग तासभर उशिरा झाले म्हणून गिऱ्हाईक तुटत नाही, पण अमानत गमावली की धंद्याची साख जाते.

शेवटी दोन शब्द वडीलधाऱ्यांसाठी आणि दुकानदार बंधूंसाठी. घरातील मुलगा कॉम्प्युटरसाठी पैसे मागेल तेव्हा एकदम नकार देऊ नका, आणि एकदम होकारही देऊ नका. काय अडते आहे ते त्याला दाखवायला सांगा. त्याने आकडा दाखविला आणि दोन प्रतींची व्यवस्था दाखविली, तर त्याला खुशाल भांडवल द्या. तो धंदा शिकला आहे. आणि दुकानदार बंधूंनी पक्के बिल द्यावे, त्यावर वस्तूचा नंबर व वॉरंटीची मुदत लिहावी, आणि पट्टीने भागत असेल तिथे पट्टीच विकावी. असे गिऱ्हाईक पुढच्या हंगामात पुन्हा त्याच दुकानाची पायरी चढते.