हेरखात्याची सावकारी

सावकार आपल्या बापजाद्यांना चांगला ठाऊक होता. अंगठा घ्यायचा, व्याज घ्यायचा, शेवटी जमीन घ्यायचा. आज मी एका वेगळ्या सावकाराबद्दल लिहितोय. हा सावकार हेर आहे आणि त्याला वसूल करायची असते माहिती. अमेरिकेतल्या भानगडी आपल्या अंकात कशाला, असं आपल्यातलेच काही विचारतील. त्यांनी शेवटपर्यंत वाचावं.

१९९९ साली सीआयए या अमेरिकी हेरखात्याने इन-क्यू-टेल नावाची संस्था उभी केली. नावातला 'क्यू' जेम्स बाँडच्या सिनेमातला, त्याला हत्यारं पुरवणारा. पहिला प्रमुख गिल्मन लुई, धंदा व्हिडिओ गेमचा. कागदावर संस्था खाजगी आणि ना-नफा, पैसा मात्र सरकारी, म्हणजे तिथल्या जनतेच्या करातला. काम एवढंच की नव्या छोट्या कंपन्यांत, ज्यांना आता स्टार्टअप म्हणतात, थोडं भांडवल घालायचं आणि त्यांचा माल हेरखात्याच्या उपयोगाचा करून घ्यायचा. रक्कम लहानच असते. पण सीआयएने पाठीवर हात ठेवलाय म्हटल्यावर बाकीचे भांडवलवालेही पुढे येतात.

२००३ साली या संस्थेने कीहोल कंपनीत पैसा घातला. तिचे नकाशे त्याच वर्षी इराकच्या युद्धात अमेरिकी सैन्याच्या कामी आले. २००४ मध्ये गूगलने ती विकत घेतली आणि त्यातूनच गूगल अर्थ झालं. आज आपली पोरं त्यावर आपला गाव शोधतात, पत्र्याची घरं बघून खूश होतात. तो नकाशा आधी कुणाच्या नजरेसाठी होता, हे त्यांना कुणी सांगत नाही.

दुसरी कंपनी पॅलंटीर. तिच्याही सुरवातीच्या भांडवलात इन-क्यू-टेलचा पैसा आहे. हेरांसाठी घडवलेलं हे यंत्र पुढे लॉस एंजेलिसच्या पोलिसांच्या हाती आलं. तिथे 'लेझर' नावाची योजना होती. माणसाला गुण द्यायचे. टोळीत असल्याचा शिक्का, पाच गुण. पॅरोलवर सुटलेला, पाच गुण. पोलिसाने नुसतं हटकून नोंद केली तरी एक गुण! ज्याचे गुण जास्त त्याचं नाव यादीत. यादीत नाव म्हणून पोलीस पुन्हा हटकणार, हटकलं म्हणून पुन्हा गुण. या रहाटातून माणूस सुटणार कसा? यादीत बहुसंख्य कोण, तर काळे आणि लॅटिनो.

ओळखीचं वाटतंय ना? १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पारधी, कैकाडी, भामटा, जन्मला की गुन्हेगार. रोज हजेरी, तारेच्या कुंपणातली सेटलमेंट. १९५२ साली तो कायदा गेला, पण १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा आणलाच. तेव्हा जमादार आणि जाडजूड रजिस्टर होतं, आता यंत्र आहे. आणखी एक फरक आहे, तो नीट ध्यानात घ्या. रजिस्टर शेअरबाजारात विकलं जात नव्हतं. पॅलंटीर २०२० साली न्यूयॉर्कच्या बाजारात उतरली.

जिओफीडिया नावाची तिसरी कंपनी. तिच्यातही इन-क्यू-टेलचा पैसा. फर्ग्युसन आणि बाल्टिमोरमध्ये पोलिसी अत्याचाराविरुद्ध काळी माणसं रस्त्यावर आली, त्यांच्यावर पाळत ठेवायचं साधन म्हणून ही कंपनी आपला माल पोलिसांना विकत होती. २०१६ साली नागरी हक्कवाल्यांनी ते कागद बाहेर काढले, तेव्हा फेसबुक आणि ट्विटरने तिची माहिती तोडली. १९७२ साली मुंबईत ज्यांनी पँथर हे नाव घेतलं, त्यांनी ते या काळ्या माणसांकडूनच घेतलं होतं. आता सांगा, हा विषय आपला आहे की नाही?

कुणी म्हणेल, देशाचं रक्षण नको का? हवं. पण रक्षणाचं काम नफेखोराच्या हाती दिलं की त्याला भीती कमी होऊन कशी परवडेल? भीती वाढली तर कंत्राट वाढतं. २०२५ मध्ये अमेरिकेच्या आयसीई खात्याने, परदेशी मजुरांना शोधून हाकलायच्या कामी, पॅलंटीरला तीन कोटी डॉलरचं नवं काम दिलं. भांडवल जनतेचं, कंत्राटाचा पैसा जनतेचा, पाळतही जनतेवर, आणि नफा तेवढा शेठजींचा!

आपल्याकडेही संरक्षण मंत्रालयाने २०१८ साली आयडेक्स योजना काढून नव्या कंपन्यांना पैसा द्यायला सुरवात केली. ते सगळं वाईटच, असं मी म्हणत नाही. पण सीमेसाठी घडवलेलं हत्यार उद्या वस्तीवर रोखलं जाणार नाही, याची हमी कोण देणार? लॉस एंजेलिसच्या वस्त्यांतली माणसं आकाशातल्या बापाची वाट बघत बसली नाहीत. संघटना केली, योजनेचे कागद मिळवायला २०१८ मध्ये कोर्टात गेली. २०१९ मध्ये 'लेझर' बंद झाली.

म्हणून आपल्या पोरांनी कॉम्प्युटर शिकावा तो नुसत्या नोकरीसाठी नाही. यादी कोण करतो, कुणाच्या पैशाने करतो, नाव काढायचं कसं, हे तीन प्रश्न विचारायला शिकावं. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे. पोलिसांचं सॉफ्टवेअर कुणाचं, किती रुपयांचं, अर्ज टाका आणि विचारा. उत्तर नाही आलं तर अपील करा. तिथेही नाही आलं तर रस्ता आहेच.

जयभीम!