माप घेता येतं, त्याला तेलही बदलता येतं

शहाद्याच्या एका लग्नात, पंगत उठायच्या आधीच, एका गृहस्थांनी मला सुनावलं, "ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सला हात लावणं हे खेड्यातल्या माणसाचं काम नव्हे." मी लोणखेड्यात, माझ्याच खळ्यावर, स्वतःच्या गाडीचं एटीएफ म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल बदललं, हे त्यांच्या कानावर गेलं होतं. पुढे हेच वाक्य त्यांनी चार ठिकाणी ऐकवलं आणि प्रत्येक ठिकाणी माझं नाव घेतलं. मी त्यांचं घेणार नाही. उत्तर मात्र देणार आहे. त्यांचं ऐकून माझ्या ओळखीच्या दोघांनी तेल बदलायचा बेत सोडला, आणि त्या दोन्ही गाड्या उन्हाळ्यात तोरणमाळचा घाट चढतात.

गृहस्थांचं म्हणणं असं : हे तेल कंपनीनं आयुष्यभरासाठी भरलेलं असतं, ते बदलावं लागतच नाही; बदलायचंच तर मशीन हवं; खेड्यात धूळ फार; वॉरंटी जाते; जुनं तेल काढलं की गिअरबॉक्स बसतो; आणि सर्वांत मोठं म्हणजे तेलाची पातळी ठराविक तापमानालाच मोजावी लागते, ते माप घरी करणाऱ्याला कळायचं नाही. तेल बदलावंच लागत नसेल तर मशीन कशाला हवं, हा प्रश्न त्यांना पडलेला दिसत नाही.

बारीकसारीक आक्षेप आधी निकाली काढतो. ज्याची गाडी वॉरंटीत आहे त्यानं हात लावू नये, हे मीही सांगतो. माझी वॉरंटी केव्हाच संपली. धूळ खळ्यावर असते तशी रस्त्याकडेच्या वर्कशॉपमध्येही असते, आणि पहाटे वावटळ उठत नाही. मशीन लागतं ते सगळं तेल एका दमात ढकलून काढायला. प्लग उघडून जेवढं गळेल तेवढं काढायला पाना पुरतो. तेल काढल्यावर बसलेले गिअरबॉक्स आधीच घसरत होते. जळका वास येत असेल, गिअर पडताना इंजिन नुसतं ओरडत असेल, तर ती गाडी मिस्त्रीकडेच न्यावी.

'आयुष्यभर' या शब्दाला मात्र थोडा वेळ द्यायला हवा. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत इंजिनाची ताकद पुढे नेतं ते तेल. क्लचच्या चकत्या दाबतं ते तेल. दातऱ्यांना वंगण तेच आणि उष्णता उचलून कूलरकडे नेणारंही तेच. घाटात कन्व्हर्टर घसरत राहतो आणि तेल तापतं. दर दहा अंशांमागे तेल सडण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, हा वंगणशास्त्रातला जुना ठोकताळा आहे. शिवाय या तेलात चकत्यांची पकड नेमकी राखणारी रसायनं असतात आणि ती झिजतात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत या कामासाठी एटीएफमध्ये स्पर्म व्हेलचं तेल घालत असत. त्यावर बंदी आली तेव्हा बदली रसायनं शोधताना कंपन्यांची दमछाक झाली. इतकं नाजूक मिश्रण तोरणमाळच्या चढावर, वैशाखातल्या ४३ अंशांत, पंधरा वर्षं जसंच्या तसं राहील असं कुणी छातीठोकपणे सांगावं? जगभरच्या गाड्यांसाठी गिअरबॉक्स बनवणारी जर्मनीची झेडएफ कंपनी स्वतः सांगते, की गाडी कशी चालवली जाते ते पाहून ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला, किंवा आठ वर्षांनी, तेल बदला. बनवणारा बदला म्हणतो आणि पंगतीतला गृहस्थ नको म्हणतो. मी बनवणाऱ्याचं ऐकलं.

आता त्यांचा लाडका आक्षेप : माप.

हा आक्षेप खोटा नाही. पुष्कळ नव्या गिअरबॉक्सना पातळी बघायची पट्टीच नसते. खाली पातळीचा एक प्लग असतो. गाडी सपाट उभी करायची, इंजिन चालू ठेवायचं, लिव्हर सगळ्या जागांतून सावकाश फिरवायचा, तेल पुस्तकात दिलेल्या तापमानाला आलं की तो प्लग उघडायचा. तेल बारीक धारेनं येऊन थेंबांवर आलं की पातळी बरोबर. माझ्या गाडीच्या पुस्तकात हे तापमान ३५ ते ४५ अंश आहे. तेल जास्त तापलेलं असेल तर ते फुगतं, जास्त वाहून जातं आणि आत कमी उरतं. हे सगळं खरं आहे. पण यातलं कोणतं माप लोणखेड्याच्या माणसाला येत नाही, ते त्यांनी सांगावं!

सपाटी? आमच्याकडे घर बांधणारा गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरतो आणि चार कोपऱ्यांची पातळी सुतात काढतो. तीच नळी मी गाडीच्या चार चाकांपाशी लावली. खळ्याचं काँक्रीट पावसाचं पाणी जावं म्हणून मुद्दाम उताराचं केलेलं. नळीनं दाखवलं की मागची बाजू दीड इंच खाली आहे. जॅकनं उचलून चारही बाजूंना घोड्या लावल्या आणि मागच्या घोड्या तेवढ्या चढवल्या. (नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही, कधीही शिरू नये. माणसं दगावतात.)

तापमान? इथे गृहस्थांच्या बोलण्यात एक मुद्दा होता, जो त्यांना स्वतःलाच दिसला नाही. ते पुस्तक थंड देशात बसून लिहिलेलं आहे. तिथे गाडी रात्रभर उभी राहिली की तेल दहा-पंधरा अंशांवर असतं आणि ३५ पर्यंत चढायला वेळ घेतं, तेवढ्यात माणसाला निवांत तयारी करता येते. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी चार वाजता इंजिन सुरू करायच्या आधीच तेल त्या ३५ ते ४५ अंशांच्या वरच्या टोकाला टेकलेलं असतं; प्लगला पाना लावेपर्यंत संधी गेलेली. म्हणून हे काम डिसेंबरातल्या सकाळी करायचं. मी सहाला गाडीखाली शिरलो तेव्हा तेल १७ अंशांवर होतं. गाडीच्या सॉकेटला लावायचं छोटं यंत्र मिळतं, पुष्कळ गाड्यांत ते गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान मोबाइलवर दाखवतं. माझा मुलगा आकडा वाचत होता, मी प्लगवर पाना धरून पडलो होतो. ३८ ला उघडला.

आणि समजा आकडा चुकला. किती चुकतो? तेल दर अंशामागे साधारण हजारात सात-आठ दशांश भाग फुगतं. साडेसात लिटर तेल वीस अंश जास्त तापलं तर शंभर मिलीच्या थोडं वर, म्हणजे चहाच्या कपभर. ही चूकच आहे, तिचं समर्थन मी करत नाही. तेल थंड झाल्यावर पुन्हा मोजावं. पण एवढ्या चुकीसाठी माणसाला स्वतःच्या गाडीपासून दूर हाकलायचं कारण नाही.

शिवाय एक माप असं आहे, की ज्याला तापमानाचा काच फार नाही. जेवढं निघालं तेवढंच भरायचं. निघालेलं तेल मी रात्रभर झाकून ठेवलं आणि नवं नि जुनं दोन्ही सकाळच्या थंडाव्यात एकाच मापाच्या बरणीनं मोजलं. तीन लिटर निघालं, तीन भरलं. प्लगची तपासणी त्यानंतरची, खात्रीची.

हे माप-माप मी पूर्वीही ऐकलेलं आहे. आमच्याकडे पपई आणि केळीला ठिबक आलं तेव्हा हेच बोललं जायचं, की नळीतून खत सोडायचं तर प्रमाण लागतं, शेतकऱ्याला ते जमायचं नाही, तो मुळं जाळून बसेल. शहादा तालुक्यातली पपई आज कुठकुठे जाते ते बघा. पाण्यात बुडालेल्या मोटरचं वाइंडिंग गावात होणार नाही, असंही म्हणत. दर वेळी आक्षेप घेणारा शिकलेला असतो, दर वेळी त्याला काळजी आमचीच असते, आणि दर वेळी त्यानं स्वतः ते काम एकदाही केलेलं नसतं. लग्नातल्या गृहस्थांना मी विचारलं होतं, तुमच्या गाडीचा भरायचा प्लग कोणत्या बाजूला आहे? त्यांनी विषय बदलला.

विषय बदलून ते जिथे गेले तेही सांगतो. "ऑटोमॅटिक गाडी मुळात शहरातल्यांची आणि बायकांची." हा वाद तर आता शिळा झाला. क्लच न दाबता चालणारा हायड्रामॅटिक गिअरबॉक्स अमेरिकेत १९३९ मध्ये बाजारात आला. आपल्याकडे २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओबरोबर स्वस्त एएमटी, म्हणजे साध्या गिअरबॉक्सचे क्लच आणि गिअर आपोआप चालवणारा प्रकार, आला आणि गुडघे दुखणाऱ्या माणसांनी, नव्यानं गाडी शिकणाऱ्या बायकांनी तो हौसेनं घेतला. माझी पत्नी रोज शहाद्याला गाडी नेते. त्यात कमीपणा कसला?

आता माझी बाजू. ती मोठी नाही. गाडी मी ६२,००० किलोमीटरला जुनी घेतली. एका शहरातल्या वर्कशॉपात तेल बदलायला दिली. देताना ड्रेन प्लगवर नखाला लावायच्या रंगाची रेघ ओढून ठेवली होती. बिलात तेलाचे पैसे लागले. घरी येऊन खाली वाकून पाहिलं तर रेघ अखंड होती. भांडून पैसे परत मिळाले. पण विश्वास गेला. म्हणून ८४,००० ला मी स्वतः पाना उचलला.

ज्याला करायचं आहे त्यानं एवढं पाळावं. आधी भरायचा प्लग उघडावा, मगच ड्रेनचा. भरायचा प्लग गंजून अडकलेला निघाला आणि तेल आधीच काढलेलं असलं तर गाडी जागची हलणार नाही. तेल पुस्तकात लिहिलेल्या क्रमांकाचंच घ्यावं, लाल दिसतं म्हणून घेऊ नये. सीव्हीटीला, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकला, तिचं वेगळं तेल लागतं, आणि एएमटी हा मुळात साधा गिअरबॉक्स असल्यानं त्यात एटीएफ घालायचंच नाही. प्लगचा वॉशर नवा घालावा, प्लग टॉर्क रेंचनं आवळावा. प्लगच्या चुंबकावर राखाडी, लोण्यासारखा लेप असेल तर घाबरू नये, तो झिजेचा असतो. चमकणारे कीस किंवा तुकडे दिसले तर थांबावं.

एका वेळी सगळं तेल निघत नाही, निम्म्याहून जास्त आतच, मुख्यतः कन्व्हर्टरमध्ये, राहतं, हा आक्षेप गृहस्थांना सुचला नाही, तो मीच घेतो. साडेसातपैकी तीन लिटर म्हणजे ४० टक्के नवं. आठवडाभर गाडी चालवून पुन्हा तेच केलं की ६४, तिसऱ्यांदा ७८. मी तीन रविवार घालवले. पहिल्या रविवारी तेल काळं निघालं, तिसऱ्या रविवारी तांबूस. चढावर गिअर पडताना बसणारा धक्का गेला.

जुन्या तेलाबद्दल मात्र हात जोडून सांगतो. ते बांधावर ओतू नका, वाळवीसाठी लाकडाला फासू नका, नाल्यात सोडू नका. नाला गोमाई नदीला मिळतो आणि गोमाई प्रकाशा गावापाशी तापीत. २०१६ च्या नियमांनी वापरलेलं तेल घातक कचऱ्यात धरलं आहे. माझ्या नऊ लिटरचे कॅन झाकण लावून जुनं तेल गोळा करणाऱ्या अधिकृत माणसाकडे गेले. ज्याला हे करायचं नसेल त्यानं तेलही घरी बदलू नये.

तेल बदलायचा बेत सोडलेल्या त्या दोघांना माझं सांगणं एवढंच आहे : डिसेंबर येतो आहे, घोड्या आणि लेव्हलची नळी माझ्याकडे आहेत, रविवारी सहाला खळ्यावर या.