'फँड्री' पुन्हा पाहताना

गेल्या रविवारी आम्ही नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१४) घरी सहकुटुंब पुन्हा पाहिला. डुक्कर पकडता पकडता शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. जब्या जागीच उभा राहतो, घरचेही थबकतात आणि डुक्कर निसटते. आमची मुले हसली. पुढे पकडलेले डुक्कर बांबूला टांगून बाबासाहेबांच्या चित्रासमोरून नेतात, तेव्हा मात्र तीही गप्प झाली.

आमच्या सौ. म्हणाल्या, "शेवटचा दगड जरा जास्तच झाला." आम्हाला तसे वाटत नाही. तो दगड थेट बघणाऱ्यांकडे येतो. आणि घटकाभर आमच्या घरातही हसू उमटले होतेच की!

बंधुभगिनींनो, मुलांना जवळ बसवून हा चित्रपट दाखवा. मग टीव्ही बंद करून त्यांच्याशी बोला.